टायर प्रेशरचा दिवा लुकलुकतोय? चार सेन्सर बदलायच्या आधी हे तपासा

गाडी चालू केली की उद्गारचिन्हवाला पिवळा दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच लागून राहतो, असं होत असेल तर नुसती हवा भरून काही उपयोग होणार नाही. हवा कमी असेल तर बहुतेक गाड्यांत दिवा पहिल्यापासून स्थिर लागतो, लुकलुकून स्थिर झाला म्हणजे सिस्टीममधलं कुणीतरी कुणाशी बोलत नाहीये. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे जो स्थिर दिवा लागतो तो वेगळा, तापमान साधारण साडेपाच डिग्री उतरलं की एक पीएसआय कमी होतो, तिथे गार टायरमध्ये हवा भरली की विषय संपला.

आधी आपल्या गाडीत चाकांमध्ये सेन्सर आहेत का हे बघा. स्क्रीनवर प्रत्येक टायरचा वेगळा आकडा दिसत असेल तर आहेत. नुसता दिवाच असेल, आकडे नसतील, तर बहुधा एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमच्या) स्पीड सेन्सरवरून अंदाज काढणारी सिस्टीम आहे, मग चाकं उघडू नका, हवा बरोबर करून रिसेट मारा आणि एबीएसचा दिवा पण लागलाय का बघा.

आता मुख्य प्रश्न, एक चाक गप्प आहे का चारही? माझं मत विचाराल तर अर्धं निदान इथेच होतं, आणि नेमकं हेच न विचारता लोकांना चार सेन्सरचं बिल दिलं जातं याचा मला खरंच राग येतो. गाडी उभी असताना सेन्सर झोपलेले असतात, त्यामुळे पार्किंगमध्ये आकडे नाही दिसले म्हणून घाबरू नका, विल्होळीच्या बाजूला हायवेला काढून पंधरा-वीस मिनिटं चाळीसच्या वर चालवा, मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये सरकत राहून चालत नाही.

एकाच चाकाचा आकडा येत नसेल तर त्या चाकात स्टेपनी लावलीये का ते आठवा, बऱ्याच स्टेपनीत सेन्सरच नसतो. तसं नसेल तर टीपीएमएस टूल, म्हणजे टायरमधल्या सेन्सरशी बोलणारं हातातलं यंत्र, असलेल्या टायरवाल्याकडे जा. टूल व्हॉल्व्हजवळ टायरच्या बाजूला टेकवून बटण दाबलं की १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल जातो आणि सेन्सर जागा होऊन आपल्याकडच्या गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देतो, त्याचा आयडी, प्रेशर, तापमान आणि बऱ्याचदा बॅटरीची स्थिती सगळं टूलवर दिसतं. उत्तर आलं म्हणजे सेन्सर जिवंत आहे, गाडीला त्याचा आयडी माहीत नाही एवढंच, रीलर्न करा, म्हणजे तो आयडी गाडीला नव्याने शिकवा. नाहीच आलं तर थोडी हवा सोडून परत ट्राय करा, काही सेन्सर प्रेशर झटकन पडलं की जागे होतात. तरी गप्प असेल तर बॅटरी गेली समजा, ती आत सीलबंद असते, साधारण पाच ते दहा वर्षं टिकते आणि ती संपली की सहसा सेन्सरच बदलावा लागतो. अॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन निकेल प्लेटिंगवालीच टाकायला सांगा, साधी पितळी टाकली की गंजून अडकते आणि मग व्हॉल्व्हच तुटतो.

चारही गप्प असतील तर चाकांना हात लावू नका, चार बॅटऱ्या एकाच दिवशी जात नाहीत. आधी डॅशकॅम, चार्जर, बाहेरून बसवलेले एलईडी सगळं काढून एक चक्कर मारा, स्वस्तातल्या वस्तू त्याच फ्रिक्वेन्सीत गडबड करतात. रिमोट चावी पण आता अगदी जवळ गेल्यावरच चालते का? बऱ्याच गाड्यांत चावीचा आणि टायरचा रिसीव्हर एकच असतो त्यामुळे हा फुकटचा आणि चांगला पुरावा आहे.

मग गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर, पण बॉडी मॉड्यूल (दिवे, लॉक वगैरे सांभाळणारा कॉम्प्युटर) वाचणारा, नुसता इंजिन वाचणारा ब्लूटूथवाला इथे कामाचा नाही. कोड उडवायच्या आधी फोटो काढून ठेवा. यू०१२७ आला तर टायर प्रेशरच्या मॉड्यूलशी संपर्क तुटलाय, म्हणजे फ्यूज, सप्लाय, अर्थिंग किंवा वायरिंग. सी ने सुरू होणारा असेल तर बहुतेक वेळा चाकाकडची किंवा रिसीव्हरची बाजू बघायची. फ्यूज बघितला की मॉड्यूलचा कपलर काढून उजेडात धरा, पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवट गंज हमखास सापडतो, आणि मळ्यात किंवा द्राक्षबागेजवळ गाडी लावत असाल तर वायर उंदरांनी कुरतडली आहे का ते पण हात फिरवून बघा.

वायरमनकडे मल्टीमीटर असेलच. बॅटरीची निगेटिव्ह काढून पाच-दहा मिनिटं थांबा आणि ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात त्याच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम आला तर कॅनची, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींची, मेन लाइन ठीक, १२० आला तर लाइन कुठेतरी तुटलीये किंवा एक टर्मिनेशन (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) गेलंय, शून्याच्या जवळ असेल तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. सॉकेट आणि मेन लाइनच्या मध्ये गेटवे (वेगळा मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत हा आकडा वेगळा येतो, तिथे वायरिंग डायग्राम बघूनच पुढे जा.

दुरुस्ती होईपर्यंत इगतपुरीहून समृद्धीवर चढणार असाल तर गार टायरला हातातल्या गेजने स्टेपनीसकट हवा मोजून निघा, १२० च्या स्पीडला कमी हवेचा टायर तापून फुटतो. आणि टायर मशीनवर चढवताना पोराला आधीच सांगा की आत सेन्सर आहे, बीड (टायरची रिमला चिकटलेली कड) तोडायचा फाळ व्हॉल्व्हपासून लांब लाव, कारण चांगला सेन्सर तुटतो तो बऱ्याचदा इथेच.