इंग्रजी पत्र सरळ लिहायला शिकवायचंय? आधी मराठीत बोलतं करा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला वर्कशॉपवाला फोनवर कधी अडत नाही. "मार्चचं बिल अजून आलं न्हाई. शुक्रवारपातुर पैसे सोडा, न्हाईतर पुढचा लॉट थांबवतो." तेच त्याच्या ऑफिसातून इंग्रजीत जातं तेव्हा असं होतं: 'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट द पेमेंट इज नॉट रिसीव्ह्ड टिल डेट, काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.' कोणतं बिल, कधीपर्यंत आणि पैसे न आल्यास काय, हे तिन्ही गळालं. व्याकरण दुरुस्त केलं तरी पत्र तेवढंच आंधळं राहतं, म्हणून ऑफिसवाल्यांच्या आणि वकिलांच्या वर्गाची सुरुवात व्याकरणाने करू नका.

हे धुकं बऱ्याचदा इंग्रजीतून नाही, आपल्याच कचेरीच्या मराठीतून येतं. 'आपणास कळविण्यात येते की' डोक्यात धरूनच कारकून 'हिअरबाय इन्फॉर्म्ड' लिहितो.

बॅच आठ ते दहा जणांची ठेवा. त्याहून जास्त झाले की प्रत्येकाचा कागद तपासून होत नाही. आठवड्यातून दोनदा दीड तास, असे सहा आठवडे पुरतात. पाठ्यपुस्तक नको. प्रत्येकाने खरोखर पाठवलेली दोन पत्रं आणायची, नावं आणि खाते क्रमांक काळे करून.

पहिल्या दोन तासांत पेन उचलू द्यायचं नाही. पत्र पालथं ठेवून विचारा, "समोरच्याला नक्की काय सांगायचंय? बोला." घरी बोलतात तसं बोलू द्या. मग फळ्यावर तीन रकाने पाडा: कोण, काय करणार, कधीपर्यंत. रकाना रिकामा राहिला तर अडचण भाषेची नाही, ऑफिसात ती गोष्ट ठरलेलीच नाही. अशा वेळी मालकाला फोन करायला लावा.

पहिला रकाना हमखास रिकामा राहतो. मराठीत कर्ता गाळला तरी चालतं: 'नाकारलेले नग परत न्यायचे आहेत.' न्यायचे कुणी, ते बोलणाऱ्या दोघांनाही ठाऊक असतं. त्याचं 'रिजेक्टेड पीसेस आर टू बी टेकन बॅक' केलं की पुण्याचा ग्राहक म्हणतो तुम्ही न्या, शिरोलीचा फाउंड्रीवाला म्हणतो तुम्ही पाठवा, आणि नग गोडाऊनात गंजतात. इथे असं लिहून घ्या: 'यू मस्ट सेंड बॅक द ४० रिजेक्टेड पीसेस बाय १२ जून. वुई विल पे द फ्रेट.' भाडं कोण देणार हे दुसरं वाक्य मूळ पत्रात बहुधा नसतंच, आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं.

तिसऱ्या आठवड्यात आकडे आणि तारखा घ्या. निर्यात करणाऱ्यांसाठी हा तास सगळ्यात मोलाचा. ५/६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकन ग्राहकाकडे ६ मे. तेव्हा महिना अक्षरातच लिहायचा. 'टन' लिहिला की आपण १००० किलो धरतो, अमेरिकेत साधारण ९०७ किलो. तेव्हा वजन किलोत द्यायचं. लाख-कोटी परदेशी पत्रात नकोत. 'रिव्हर्ट'ही काढून टाका: आपल्याकडे तो 'उत्तर द्या' म्हणून वापरतात, बाहेर त्याचा रूढ अर्थ 'पूर्वस्थितीला जाणे' असा आहे.

'विदिन ३० डेज' दिसलं की लगेच विचारा, कधीपासून? बिलाच्या तारखेपासून, माल पोचल्यापासून की स्वीकारल्यापासून? २००६च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पैशासाठी जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे, ती माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे डिलिव्हरी चलनावर पोच घेतल्याची तारीख नसेल तर सुंदर इंग्रजीचा काही उपयोग नाही.

इथून पुढे वकिलांची बॅच वेगळी करा. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात चालू झालंय. तालुक्याला मराठीत दावे लिहिणाऱ्या ज्युनिअरला आता इंग्रजी मसुदे करावे लागतात, आणि तो जुन्या फाइलीतून 'हिअरिनबिफोर' उचलतो. 'नल अँड व्हॉइड' (दोन्हींचा अर्थ रद्दबातल) अशा जोड्यांत एक शब्द पुरतो. 'शॅल' कधी बंधन, कधी नुसता भविष्यकाळ दाखवतो. बंधनाला 'मस्ट', मुभेला 'मे' शिकवा. मात्र जुन्या करारात दुरुस्ती करताना अर्धे 'शॅल' आणि अर्धे 'मस्ट' ठेवू नका. शब्द बदलला म्हणजे अर्थही बदलायचा होता, असा मुद्दा समोरचा वकील काढणारच.

सगळंच सोपं करायचा उत्साह इथे महागात पडतो. 'विदाउट प्रेज्युडिस' (आपल्या हक्काला बाध न येता), 'इंडेम्निटी' (नुकसान भरून देण्याची हमी) यांना कायद्यात ठरलेला अर्थ आहे. त्यांच्या जागी घरगुती शब्द घालू नका. सरळ करायचं ते भोवतालचं वाक्य. सरावाला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ची, म्हणजे चेक न वटल्यावर द्यायची नोटीस उत्तम, कारण तिथे मुदती पक्क्या आहेत: चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे. चेकची रक्कम व्याजात आणि खर्चात कालवून एकच गोळा आकडा मागणारे मसुदे बाजूला काढा आणि चेकची रक्कम वेगळ्या ओळीत लिहायला लावा.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाचं पत्र दुसऱ्या खात्यातल्या माणसाला द्या. वाचायला एक मिनिट, मग कागद काढून घ्यायचा आणि तेच तीन प्रश्न: कोण, काय, कधीपर्यंत. उत्तर चुकलं की लिहिणारा हटकून म्हणतो, "तसं न्हवं ओ, माझं म्हणणं असं हुतं..." त्याला तिथेच थांबवा आणि जे तोंडाने सांगायला निघाला होता, ते कागदावर उतरवून घ्या.