घराचं काम काढताय? फर्निचर आणि एसीच्या खर्चावर कराची वजावट कशी घ्यावी

नागपुरात पाऊस ओसरला की घराची कामं निघतात. स्लॅबची गळती, टाइल्स, रंग झाला की लकडगंजातून प्लायवुड येतं, आणि मार्च लागला की नव्या एसीची खरेदी होते. मग जुलैत रिटर्न भरताना माझ्यासमोर बिलांची पिशवी ठेवून लोक विचारतात, "यातलं टॅक्समधून किती कमी होईल?"

स्वतः राहता त्या घरातला सोफा, फ्रिज, एसी यांच्या किमतीवर आपल्याकडे काहीच वजावट मिळत नाही. तरीही रस्ते आहेत. मात्र मिस्त्रीला ॲडव्हान्स देण्याआधी ते ठरवावे लागतात, म्हणून हे आधीच वाचा.

सगळ्यात आधी ठरवा, घर कशासाठी आहे: राहायला, भाड्याने द्यायला, की तिथून व्यवसाय करायला? पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे.

राहतं घर असेल आणि दुरुस्तीसाठी कर्ज काढत असाल, तर जुन्या करप्रणालीत त्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. हे ३०,००० घरकर्जाच्या २ लाखांच्या एकूण मर्यादेतच धरले जातात. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह ६,२४० रुपये वाचतात. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी हे मिळत नाही, आणि आता तीच आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर निवडावी लागते. दुरुस्तीच्या कर्जाची मुद्दल ८०सी मध्येही (गुंतवणूक, घरकर्जाची मुद्दल यांच्या वजावटीचं कलम) बसत नाही. बरेच जण ती तिथे टाकतात आणि नंतर नोटीस येते. कर्ज घेताना कारण 'घरदुरुस्ती' असंच लिहून घ्या, दरवर्षी व्याजाचा दाखला मागा. त्याच पैशातून फ्रिज घेतला, तर तेवढ्या भागाचं व्याज यात धरू नका. (१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे जुने दिलेत, कारण लोकांच्या तोंडी अजून तेच आहेत.)

फर्निचरचा खरा फायदा आहे तो भाड्याच्या घरात. समजा, मनीषनगरातला फ्लॅट तुम्ही सगळ्या सामानासकट १८,००० रुपये महिन्याने देताय. करारात एकच आकडा लिहू नका. घराचं भाडं १४,००० आणि सामानाचं ४,००० असं वेगळं लिहा, खाली सामानाची यादी जोडा. घराच्या भाड्यातून तुम्ही भरलेला महापालिकेचा मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सुटतात, खर्च केला असो वा नसो. म्हणून भाड्याच्या घरातल्या रंगाचं बिल वेगळं दाखवता येत नाही.

सामानाचे वर्षाचे ४८,००० 'इतर उत्पन्नात' जातात आणि तिथे घसारा, म्हणजे वापराने वस्तूची किंमत घटते त्याची वजावट, मिळतो: पलंग, कपाटं यांवर १० टक्के, एसी-फ्रिजवर १५ टक्के. फर्निचर १,२०,००० चं आणि उपकरणं ८०,००० ची असतील, तर पहिल्या वर्षी १२,००० अधिक १२,००० म्हणजे २४,००० वजा. घसारा उरलेल्या किमतीवर चालतो, म्हणून दुसऱ्या वर्षी २१,०००. एसीच्या दुरुस्तीचा खर्चही इथेच धरता येतो. सामान त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर घसारा निम्मा. मार्चमध्ये एसी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि सामानाचं भाडं त्याच्या किमतीला शोभेल इतकंच ठेवा. उगाच फुगवलेला आकडा तपासणीत टिकत नाही.

घरातच दवाखाना किंवा वकिलीचं ऑफिस असेल, तर त्या खोलीतल्या टेबल-खुर्च्या, एसी यांवर याच दरांनी घसारा घेता येतो. कॉम्प्युटरवर तर ४० टक्के. पण ४४एडीए (डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांसाठी ठोक नफा धरण्याचं कलम) खाली मिळकतीच्या ५० टक्के नफा दाखवत असाल, तर घसारा त्यातच आला असं कायदा मानतो. तो पुन्हा वेगळा मागू नका.

आता पैसे देण्याची गोष्ट, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सुतार म्हणतो, "भाऊ, कॅश द्या, कच्च्या बिलावर स्वस्तात करून देतो." व्यवसायासाठी वस्तू घेताना एका दिवशी एकाच माणसाला १०,००० पेक्षा जास्त रोख दिलीत, तर तेवढी रक्कम घसाऱ्याच्या किमतीत धरलीच जात नाही. भाड्याच्या सामानालाही हीच शिस्त लावा. बँकेतून, यूपीआयने द्या. पक्कं बिल स्वतःच्या नावाचं घ्या आणि मजुरी, घराचं काम, सुटं सामान यांची वेगवेगळी बिलं मागा.

ही विभागणी घर विकतानाही लागते. वाढवलेली खोली किंवा बदललेलं सगळं वायरिंग हा सुधारणेचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून वजा होऊ शकतो, सुटं फर्निचर नाही. विक्री पंधरा वर्षांनी झाली तरी बिल तुम्हालाच दाखवावं लागेल. दुकानातल्या थर्मल कागदाची बिलं आपल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवूनही कोरी पडतात. घेतली त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि घराच्या कागदपत्रांच्याच फाइलला लावा.