'जुळे' लिहिताना या चुका टाळा

फोंड्याच्या एका छापखान्यात मी पत्रिकांची मुद्रितं तपासते. गेल्या पावसाळ्यात 'आमच्या जुळ्या मुलांचे बारसे' अशी ओळ माझ्या नजरेखालून तशीच गेली. बाळं होती दोन्ही मुली. पाहुणे मुलग्यांचे कपडे घेऊन आले आणि ओल्या बाळंतिणीला दारात येणाऱ्या प्रत्येकाला 'दोघी मुलीच हो' असं सांगत बसावं लागलं. ते मला अजून खटकतं.

चूक व्याकरणाची नव्हती, म्हणूनच ती निसटली. 'मुले'चं सामान्यरूप 'मुलां', आणि 'मुलगे'चंही 'मुलग्यां'सोबत 'मुलां' वापरात आहे, त्यामुळे 'मुलांचे' वाचून मुलगे की मुली ते कळत नाही. दोघी मुली असतील तर सरळ 'जुळ्या मुलींचे' लिहा. एक मुलगा, एक मुलगी असेल तर दोघांची नावंच घाला. 'जुळी मुली' हे मात्र चूकच: जुळा भाऊ, जुळी बहीण, जुळ्या बहिणी, जुळी भावंडं.

दुसरी चूक मोजण्याची. 'तिला दोन जुळी झाली' म्हटलं की ऐकणारा चार बाळं मोजतो. 'जुळे' हा शब्द 'युगल'वरून आलाय, जोडी त्यातच आली. 'तिला जुळं झालं' एवढं एकवचन पुरतं. त्यातल्या एकाबद्दल बोलायचं तर 'जुळ्यातला थोरला'. तिघं असतील तर 'तीन जुळी' नव्हे, तिळं.

आपल्याकडे कोकणीत 'जंवळीं भुरगीं' म्हणतात. मराठीतही 'जावळी मुले' होतं; 'यमल'मधल्या य चा ज झाला, जसा यात्रेची जात्रा होताना झाला. पण आज मराठी पत्रिकेत 'जावळ' दिसलं की वाचणाऱ्याला बाळाचे पहिले केस आठवतात. म्हणून बोलण्यात जंवळीं खुशाल ठेवा, मराठी पत्रिकेत जुळी लिहा. जुना मजकूर पुन्हा छापताना मात्र त्यातलं 'जावळी' बदलू नका.

मुलगा-मुलगी असलेल्या जुळ्यांना 'एकबीज' लिहू नका. एकबीज जुळी एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मतात, म्हणून दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुलीच असतात. वेगळी दोन बीजं फळली की द्विबीज. त्यांत कुठलीही जोडी येते.

टाइप करताना 'जूळे', 'जुले', 'जुळया' ही तीन रूपं शोधून काढा.

पणजीच्या सां तोमे वाड्याचं नाव ज्या संत थॉमसवरून आहे, त्या नावाचा अरामी भाषेतला अर्थ 'जुळा'. ग्रीकमध्ये तोच अर्थ 'दिदुमोस'. मजकुरात ही दोन नावं शेजारी आली की काहीजण मध्ये 'आणि' घालतात आणि एका माणसाचे दोन होतात. तिथे 'आणि' नको. 'दिदुमोस म्हटलेला थॉमस' असं लिहा.