बेटकास्टर शिकताय? आधी अंगठ्याला वळण लावा

आमच्या मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, आणि नवीन बेटकास्टर, म्हणजे फिरत्या स्पूलचं (लाईन गुंडाळलेल्या रिळाचं) मासेमारीचं रील, घेतलेल्याने हेच दोन महिने शिकण्यात घालवावेत असं माझं ठाम मत आहे. मी रील घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तलाव गाठला, पहिल्याच कास्टला, म्हणजे फेकीला, स्पूलवर लाईनच्या गुंत्याचं घरटं झालं आणि अख्खी सकाळ लाईन सोडवण्यात गेली. मग पुढच्या पावसाळ्यात रोज सकाळी सहाला इंदूरच्या चिमणबाग मैदानावर जायचो, 14 ग्रॅमचं बिनहुकाचं वजन बांधून नुसतं फेकायचो.

स्पिनिंग रीलमधे कास्ट करताना स्पूल जागेवरच असतो. बेटकास्टरमधे वजन लाईन ओढतं तसा स्पूल स्वतः फिरतो, वजन हवेत मंदावलं तरी स्पूल तसाच पळत असतो, मग बाहेर न गेलेली लाईन आतच फुगते, तेच बॅकलॅश.

सेटिंग सोपं आहे. बटण दाबून वजन खाली सोडा, ते सावकाश उतरलं पाहिजे आणि जमिनीला लागताच स्पूल थांबला पाहिजे, तोवर रीलवरचा टेन्शनचा नॉब पिळत रहा. रीलचा ब्रेक सुरुवातीला जवळजवळ फुल ठेवा, अंतर कमी मिळेल, मिळू दे. लाईन 14 पौंडाची मोनो (एकाच धाग्याची नायलॉन) घ्या, ब्रेड (विणलेली लाईन) नंतर.

खरं काम अंगठ्याचं. सोडताना अंगठा पूर्ण उचलायचा नाही, स्पूलवर अलगद टेकलेला असू द्या, लाईन सैल होऊन वर यायला लागली की बोटाच्या पेराला आधी गुदगुल्या होतात, तेव्हाच किंचित दाबायचं, आणि वजन टेकायच्या जरा आधी पूर्ण दाबायचं. रॉडला झटका देऊ नका, रॉड वाकू द्या, वजन तोच फेकतो. मी पंधरा पावलांवर बादली ठेवायचो, तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा वजन आत पडलं तेव्हा तो टण्ण आवाज ऐकून फार भारी वाटलं!

गुंता झालाच तर ओढाताण करू नका, गाठी आवळतात. अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडल दोन-तीन वेळा फिरवा, मग लाईन हळूच ओढा, बरेचसे फास सुटतात.

पाण्यावर जाल तेव्हा परवानगी विचारून जा, सिरपूरसारख्या पक्ष्यांच्या तलावावर नकोच. पहिले काही दिवस वारा पाठीवर घेऊन उभे रहा. आणि नर्मदेवर महाशीर लागला, तर आपल्या राज्याचा मासा आहे तो, पाण्यातच हुक काढून सोडून द्या.