अमेरिकेत पदवीला निघताना : प्लेसमेंट टेस्ट, डॉर्मची खोली आणि मधले तीन महिने

प्रवेश पक्का झाला, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) आला, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली की घरी सगळ्यांना वाटतं, आता बॅगा भरल्या की झालं. पण मे ते ऑगस्ट या काळात विद्यापीठाचे जे ईमेल येत राहतात, त्यांतच पहिल्या वर्षातलं बरंच काही ठरून जातं. गणिताच्या कोणत्या वर्गात बसणार, कुणाबरोबर राहणार, दुसऱ्या सत्राची नोंदणी वेळेवर होणार की अडकणार, हे सगळं तिकडे पाऊल ठेवण्याआधीच.

मी मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकले. शिकत असताना नव्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ओरिएंटेशनमध्ये मदतनीस म्हणून कामही केलं. तिथे एक गोष्ट सारखी दिसायची. आपली मुलं प्रत्येक फॉर्मकडे आणि प्रत्येक चाचणीकडे प्रवेश परीक्षा म्हणूनच बघतात. समोरच्याला कोणतं उत्तर आवडेल याचा अंदाज घेतात आणि ते देऊन मोकळी होतात. या तीन महिन्यांत तुम्हाला जे काही विचारलं जातं, ते मात्र तुमची सोय लावण्यासाठी विचारलं जातं. प्रवेश मिळालेला आहे, या उत्तरांवरून तो कुणी काढून घेत नाही. तेव्हा जे आहे तेच लिहा. पुढचं सगळं मी याच धाग्याने सांगणार आहे.

आधी गणित, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

बऱ्याच विद्यापीठांत गणिताच्या प्लेसमेंटसाठी, म्हणजे कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवण्यासाठी, ॲलेक्स पीपीएल नावाची ऑनलाइन चाचणी असते, काही ठिकाणी विभागाची स्वतःची. ॲलेक्समध्ये जास्तीत जास्त ३० प्रश्न येतात. पर्याय फारसे नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं. आधीचं उत्तर बरोबर की चूक यावर पुढचा प्रश्न ठरतो. शेवटी ० ते १०० मध्ये एक आकडा येतो आणि त्यावरून प्रीकॅल्क्युलसला (कॅल्क्युलसच्या आधीच्या कोर्सला) बसायचं की कॅल्क्युलसला ते कळतं. किती आकड्याला कोणता कोर्स, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं, म्हणून दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राचा सल्ला इथे चालत नाही. न येणाऱ्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणायची सोय असते, ती जरूर वापरा. अंदाजाने टाकलेलं उत्तर बरोबर आलं, तर चाचणी तुम्हाला तो भाग येतो असं धरून पुढे जाते.

बारावीला सायन्स आणि गणित घेतलेल्यांना ही चाचणी एरवी जड नाही. पण परीक्षा संपल्यावर दोन-तीन महिने वही उघडलेली नसते, आणि विचारतात ते नेमकं नववी ते अकरावीचं: अपूर्णांकातल्या बहुपदी, घातांक आणि लॉगॅरिदम, त्रिकोणमितीची सूत्रं, फलनाचा प्रांत आणि व्याप्ती, व्यस्त फलन. हे सगळं इंग्रजी संज्ञांसकट एकदा नजरेखालून घाला. आपण रेषेचं समीकरण वाय = एमएक्स + सी असं शिकतो, तिकडे सीच्या जागी बी असतो. शाब्दिक उदाहरणांत मैल, फूट आणि गॅलन येतात. या गोष्टी छोट्याच, पण घड्याळ चालू असताना दचकायला होतं. पहिल्या प्रयत्नानंतर कच्च्या भागांचा सराव त्याच कार्यक्रमात करता येतो आणि सहसा चाचणी पुन्हा देता येते. पहिला प्रयत्न शेवटच्या दिवसावर ढकलला की ही सवलत वाया जाते. तारखेचा हिशोबही नीट करा: उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या घड्याळाने रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ९:२९.

चाचणी घरी बसून द्यायची असली की शेजारी मोठा भाऊ किंवा क्लासचे सर बसतात, हेही मी ऐकलेलं आहे. नियमांचं उल्लंघन तर ते आहेच, आणि काही ठिकाणी कॅमेऱ्यावरून देखरेखही असते. पण मला काळजी वाटते ती त्यानंतरच्या ऑक्टोबरची. न झेपणाऱ्या वर्गात मूल बसतं, पहिली मिडटर्म हातात येते, आणि तोवर आपणहून खालच्या वर्गात जायची मुदत निघून गेलेली असते. अशी हुशार मुलं मी रडताना पाहिली आहेत. त्यांना गणित येत नव्हतं असं अजिबात नाही, त्यांना चुकीच्या खोलीत बसवलं गेलं होतं.

इथे आणखी एक फरक समजून घ्यायला हवा. प्लेसमेंटमुळे अमुक वर्गात बसायची परवानगी मिळते. क्रेडिट म्हणजे तो कोर्स तुम्ही पूर्ण केला असं विद्यापीठाने मान्य करणं, आणि ते सहसा प्लेसमेंटमधून मिळत नाही. क्रेडिट एपीच्या (शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या अमेरिकी परीक्षेच्या) किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमातल्या हायर लेव्हलच्या चांगल्या गुणांवर मिळतं, किंवा विभागाची वेगळी परीक्षा देऊन. राज्य मंडळाच्या किंवा सीबीएसईच्या बारावीवर ते सहसा मिळत नाही, तरी ॲडव्हायझरला, म्हणजे कोर्स निवडायला मदत करणाऱ्या सल्लागाराला, विचारून पाहायला काही हरकत नाही.

मग कॅल्क्युलस १ घ्यायचा की विभागाची परीक्षा देऊन सरळ २ मध्ये जायचं? आपल्या बारावीत विकलन, संकलन, अवकल समीकरणं हे सगळं असतं, त्यामुळे १ मधलं बरंचसं ओळखीचं निघतं. पण २ मध्ये अनंत श्रेणी येतात, त्या अभिसारी आहेत की नाहीत हे ठरवण्याच्या कसोट्या येतात, टेलर श्रेणी येते. हा भाग आपल्याकडे बारावीत होत नाही. माझं मत विचाराल, तर जेईईसारखी तयारी मनापासून झाली असेल तरच उडी घ्या. नाहीतर पहिल्या सत्रात एक तरी विषय ओळखीचा असू द्या. नवा देश, नवी थंडी, प्रत्येक आठवड्याला गृहपाठ, आणि आयुष्यात पहिल्यांदा वर्षभर मोजला जाणारा जीपीए, म्हणजे सगळ्या कोर्सच्या श्रेणींची सरासरी. या सगळ्यात कॅल्क्युलस १ हा मोठा आधार असतो.

बाकीच्या चाचण्यांचं थोडक्यात सांगते. रसायनशास्त्राची चाचणी असली तर मोल आणि समीकरणं संतुलित करणं पक्कं असू द्या. टोफेल दिलेली असली तरी काही विद्यापीठं इंग्रजी लेखनाची वेगळी चाचणी घेतात. त्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा लेखनवर्ग मिळाला तर तो कमीपणा मानू नका. वर्ग लहान असतो, संदर्भ कसे द्यायचे ते शिकवतात, आणि दुसऱ्याचा मजकूर उचलला तर तिथे किती गंभीर मानतात ते वेळेत कळतं. बऱ्याच विद्यापीठांच्या कला-विज्ञान शाखेत परकीय भाषेची अट असते. तुम्हाला हिंदी येते, कुणाला संस्कृत येतं. त्याची परीक्षा देऊन किंवा शाळेच्या कागदपत्रांवर ही अट पूर्ण होते का, हे पहिल्याच भेटीत विचारा. जमलं तर कित्येक सत्रांची जागा मोकळी होते.

आता राहण्याचं, म्हणजे डॉर्मचं, विद्यापीठाच्या वसतिगृहाचं.

प्रवेश स्वीकारायची नेहमीची तारीख १ मे असते, पण हाउसिंगचा फॉर्म बरेचदा त्याआधीच उघडतो. कुठे आधी भरणाऱ्याला आधी निवड, कुठे लॉटरी. व्हिसा मिळेपर्यंत थांबू, असं घरात म्हणतात; तोवर स्वस्त खोल्या संपलेल्या असतात. त्यापेक्षा करार नीट वाचा, व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतात का ते ईमेलवर विचारा, आणि फॉर्म भरून टाका. करार सहसा अख्ख्या शैक्षणिक वर्षाचा असतो. मध्येच मित्रांबरोबर अपार्टमेंटमध्ये जायचं ठरवलं, तर दंड भरावा लागतो.

रूममेट जुळवण्यासाठी प्रश्नावली असते. किती वाजता झोपता, खोली किती नीटनेटकी लागते, खोलीत पाहुणे आले तर चालतं का, अभ्यासाला शांतता लागते का. हा फॉर्म आईवडिलांशेजारी बसून भरू नका. रात्री दोनपर्यंत जागणारी मुलं ‘दहाला झोपतो’ लिहितात आणि पहाटे पाचला पोहायला जाणाऱ्या खेळाडूच्या वाट्याला जातात, मग दोघांचेही हाल. पहिल्या आठवड्यात मजल्यावरचा आरए, म्हणजे तिथेच राहणारा मोठा विद्यार्थी, रूममेटमधला लेखी समझोता भरून घेतो. तोही गुळमुळीत भरू नका. दुसऱ्याने मांस खाल्लं तर चालेल पण ते माझ्या भांड्यांत नको, हे पहिल्या दिवशी सांगायला सोपं असतं, नोव्हेंबरात सांगायला अवघड.

खोलीतली गादी बहुतेक ठिकाणी ट्विन एक्सएल मापाची, म्हणजे ३८ बाय ८० इंच असते. त्यामुळे इथून चादरी न्यायच्या तर लांबी बघून न्या. तिथली वीज १२० व्होल्टची, म्हणून आपला मिक्सर आणि इस्त्री घरीच राहू द्या. उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती डॉर्ममध्ये चालत नाही, हॉटप्लेटही नाही. राइस कुकरचं त्या त्या नियमांत बघा. धूर झाला की अलार्म वाजतो आणि थंडीत अख्खी इमारत खाली उतरते. देवघर सोबत नेणाऱ्या मुलामुलींनी बॅटरीचा दिवा न्यावा. शाकाहारी असाल तर मील प्लॅन (जेवणाचे पैसे आगाऊ भरायची योजना) घेण्याआधी डायनिंगच्या आहारतज्ज्ञाला ईमेल करा. पहिल्या वर्षी मील प्लॅन बरेचदा सक्तीचाच असतो, म्हणून निदान कोणत्या डायनिंग हॉलमध्ये रोज नीट जेवण मिळेल ते कळू द्या.

परदेशी विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा जास्त जपावं लागतं ते तारखांना. आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत शिरता येत नाही. आंतरराष्ट्रीय ओरिएंटेशन डॉर्म उघडण्याच्या आधी असेल, तर लवकर येण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. शिवाय नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला आणि डिसेंबरच्या सुट्टीत काही डॉर्म चक्क बंद होतात. सुट्टीतही उघडा राहणारा डॉर्म कोणता, हे खोली निवडतानाच विचारून ठेवा.

खोलीत पाऊल ठेवलं की सामान काढायच्या आधी भिंती, गादी, टेबल यांचे फोटो काढा आणि खोलीच्या स्थितीचा फॉर्म बारकाईने भरा. आधीच्याने पाडलेल्या भोकाचे पैसे मे महिन्यात तुमच्या खात्यावर लागू नयेत.

आरोग्याच्या कागदांत गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचे दोन डोस बहुतेक सगळीकडे मागतात. लहानपणीचं कार्ड हरवलं असेल तर आताच डॉक्टरांना गाठा. टीबीची तपासणी मागितली तर शक्यतो रक्ताची करा. आपल्याला बीसीजी दिलेली असते, आणि तिच्यामुळे त्वचेवरची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. आयजीआरए या रक्तचाचणीवर तिचा परिणाम होत नाही. या नोंदी किंवा बारावीची अंतिम गुणपत्रिका पोचली नाही, तर खात्यावर ‘होल्ड’ लागतो आणि पुढच्या सत्राची नोंदणी अडते.

आणि एवढं करूनही वर्ग चुकला तर? सत्राच्या सुरुवातीला ॲड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घेण्या-सोडण्याची, मुदत असते, तोवर कोर्स बदला. त्यानंतर सोडायचा झाला तर सावध राहा, कारण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक नियमित सत्रात निदान १२ क्रेडिट (प्रत्येक कोर्सला ठरलेली एककं) ठेवावी लागतात. मात्र त्याच नियमांत एक दार ठेवलेलं आहे: इंग्रजीची सुरुवातीची अडचण, अमेरिकी शिकवण्याच्या पद्धतीची अनोळख किंवा चुकीच्या पातळीचा कोर्स मिळणं या कारणांसाठी आंतरराष्ट्रीय कार्यालयातला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणारा अधिकारी, कमी क्रेडिटची परवानगी देऊ शकतो. निदान अर्धा भार ठेवावा लागतो, त्या पदवीत ही सवलत एकदाच मिळते, आणि परवानगी कोर्स सोडण्याच्या आधी घ्यावी लागते. आधी सोडून मग कार्यालयात गेलात तर व्हिसाची स्थिती धोक्यात येते.

निघण्यापूर्वी आईवडिलांशी एक बोलणं करून घ्या. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या १९७४ च्या कायद्यामुळे विद्यापीठाला तुमच्या लेखी संमतीशिवाय सहसा तुमचे गुण त्यांना सांगता येत नाहीत, फी त्यांनी भरलेली असली तरीही. ती संमती द्यायची की नाही, मिडटर्म वाईट गेली तर फोन कधी करायचा, कोर्स सोडायचा निर्णय कोण घेणार, हे घरात समोरासमोर बसूनच ठरवा. दहा तासांच्या फरकाने फोनवर ते नीट ठरत नाही.