टाकून दिलेलं जखमी जनावर दिसलं तर पहिल्या तासात काय करायचं

रस्त्याकडेला जखमी जनावर पडलेलं दिसलं की पहिलं काम सावलीचं. फोन त्यानंतर. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढं जातो, आणि डांबर, फरशी, मुरूम त्याहून जास्त तापतात. पाय मोडला म्हणून जनावर तासाभरात मरत नाही, पण तापल्या जमिनीवर दुपारभर पडून राहिलं तर मरतं. म्हणून आधी ऊन तोडायचं. दोन मोटारसायकली समोरासमोर उभ्या करा आणि त्यांच्यावर चादर टाका. आपली सोलापुरी चादर जाड सुताची असते, ऊन आरपार येऊ देत नाही. दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा म्हणजे वारा खेळता राहील. गोळा झालेल्या लोकांना चार हात मागं सरकवा. माणसांचा गराडा वाराही अडवतो आणि जनावराला घाबरवतोही.

हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलं आहे. जुन्या मिलच्या भिंतीलगत मोकळ्या जागेत एक गाढव पडलं होतं. विटा वाहणारं असावं. पाठीवर ओझ्यानं झालेल्या जुन्या जखमा, पुढच्या दोन्ही पायांना करकचून बांधलेली दोरी तशीच, आणि त्यातला एक पाय गुडघ्याखाली मोडून लोंबत होता. मालकाचा पत्ता नव्हता. मे महिन्याची सुट्टी होती. आम्ही पोरं नळावरून घागरी घेऊन येताना तिथं थबकलो. मोठी माणसंही जमली. कुणी तोंडापुढं भाकरी टाकली. कुणी बादलीभर पाणी थेट तोंडावर ओतलं, ते नाकात गेलं आणि गाढव ठसकून डोकं जमिनीवर आपटायला लागलं. आमच्या शेजारी विड्या वळणाऱ्या एक अक्का राहायच्या, घरात तेलुगू बोलायच्या. त्या मांडीवरचं सूप खाली ठेवून आल्या आणि म्हणाल्या, “काय बघायलाव सगळे? चादर आणा.” सायकली उभ्या करून त्यांनी सावली केली, पायाची दोरी कापली आणि हातात ओलं फडकं घेऊन जखमेवरचे कावळे हाकत अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या. पण डॉक्टरला कुठून बोलवायचं, हे तिथल्या एवढ्या माणसांत कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले तेव्हा इलाज उरला नव्हता. त्यांनी इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं. मधली अख्खी रात्र त्या गाढवानं विनाकारण सोसली. ती रात्र दुसऱ्या कुठल्या जनावराच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

कुणाला कळवायचं

पशुसंवर्धन खात्याचा टोल फ्री नंबर १९६२. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी याच नंबरवरून मिळते. हा नंबर आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा. शहरात जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, खेड्यांसाठी तालुक्याचे आणि गावांचे सरकारी दवाखाने आहेत. रात्रीबेरात्री लागेल म्हणून घराजवळच्या एका खासगी पशुवैद्याचा नंबरही हवा. जनावर रस्त्याच्या मधोमध असेल आणि गाड्यांचा धोका असेल तर ११२ ला सांगा, पोलीस वाहतूक वळवतात.

फोनवर काय सांगायचं हे आधी मनात जुळवा. जनावर कोणतं, उभं आहे की आडवं, रक्त वाहतं आहे का, श्वास कसा चालला आहे, पोट फुगलं आहे का. ठिकाण नेमकं द्या. “होटगी रोडला” एवढ्यावर कुणाला काही सापडत नाही. समोरचं दुकान, पंप, बसथांबा सांगा आणि मोबाईलवरून लोकेशन पाठवा. मग एकानं जनावरापाशी थांबायचं आणि दुसऱ्यानं मुख्य रस्त्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवायची. फोन करून सगळेच निघून गेले तर डॉक्टर पोचतात तोवर जनावर सरपटत भलतीकडंच गेलेलं असतं.

गाढव आणि घोडा

त्या दिवशी गाढव ओरडत नव्हतं, तर माणसं म्हणत होती, “शांत झालंय, बरं वाटत असेल.” हा समज फार घातकी आहे. गाढव दुखणं दाखवत नाही. कितीही यातना असल्या तरी मान खाली घालून गप्प उभं राहतं किंवा पडून राहतं. म्हणून शांतपणावर जाऊ नका. कान पडलेले आहेत का, खाणं सोडलंय का, पायावर भार टाकतंय का ते बघा. खाणं सोडलेलं गाढव ही तातडीची बाब समजा. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि त्यानंच ते मरू शकतं.

जवळ जाताना मागून जाऊ नका. खांद्याच्या बाजूनं, त्याला दिसेल असं, हळू आवाजात बोलत जा. पाय बांधलेले असतील तर दोरी सोडवायच्या फंदात न पडता ती कापा, आणि कापताना त्याच्या पायांच्या टप्प्याबाहेर, पाठीच्या बाजूला बसा. मोडलेला पाय ओढून सरळ करू नका, लाकडाच्या पट्ट्या बांधू नका. नाकातून पूसारखा चिकट स्राव येत असेल आणि अंगावर किंवा पायांवर गाठी फुटलेल्या असतील तर हातच लावू नका. तो ग्लँडर्स नावाचा संसर्गजन्य रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. तसं फोनवर आधीच सांगा.

पाणी पाजायचं तर पसरट घमेलं तोंडाजवळ ठेवा. जनावर स्वतः डोकं उचलून पीत असेल तर पिऊ द्या. बाटलीनं किंवा बांबूच्या नळकांड्यानं तोंडात काहीही ओतू नका, मग ते पाणी असो, तेल असो की काढा. आडव्या जनावराच्या घशात ओतलेलं फुप्फुसात जातं, आणि मोडलेल्या पायातून वाचलं तरी न्यूमोनियानं ते जातं.

गाय, बैल, म्हैस

दुष्काळाच्या वर्षी चारा संपला की आपल्या जिल्ह्यात माणसं जड मनानं जनावरं सोडून देतात. शहरात भाकड गायी कचराकुंड्यांवर जगतात. अशी गाय एका अंगावर पसरून पडली असेल तर तिला छातीवर बसती करणं हे सगळ्यात मोठं काम. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात सतत वायू तयार होत असतो. पसरून पडलं की तो बाहेर पडत नाही, पोट फुगतं आणि श्वास कोंडतो. चार माणसांनी मिळून छातीवर बसती करा आणि दोन्ही अंगांना मातीची किंवा भुश्शाची पोती लावून टेकू द्या. खाली कडबा पसरा. डॉक्टर यायला उशीर होणार असेल तर दर दोन-तीन तासांनी कूस बदला, नाहीतर खालच्या पायाचे स्नायू दबून निकामी होतात. शेपटी पिरगाळून उठवायचा प्रकार बघितला तर स्पष्टपणे थांबवा.

डावी कूस ढोलासारखी ताठ फुगलेली असेल तर फोनवर तेच पहिलं सांगा. गाय नुकती व्यालेली असेल आणि मान कुशीकडं वळवून गार पडली असेल तर तेही सांगा. ते कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण असतं, आणि डॉक्टरांनी वेळेत शिरेतून कॅल्शियम दिलं तर तीच गाय काही तासांत उठून उभी राहते.

उपाशी गायीपुढं शिळ्या भाकऱ्या, भात, पीठ ओतू नका. आपल्याकडं हे फार मायेनं केलं जातं, पण एकदम धान्य पोटात गेलं की आतलं आम्ल वाढतं आणि अशक्त गाय त्यानं दगावते. कडबा द्या, थोडा थोडा. ज्वारीच्या मुलखात राहून कडबा मिळत नाही असं होत नाही.

लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, अशी गाय दिसली तर घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज गायीम्हशींनाही होतो आणि तो तसाच दिसतो.

कुत्री, मांजरं, पोत्यात सोडलेली पिल्लं

गाडीनं उडवलेलं कुत्रं कितीही मायाळू असलं तरी दुखऱ्या जागी हात लागला की चावतं. ओढणी किंवा कापडाची लांब पट्टी घ्या, जबड्याभोवती सैलसर वेढा द्या, कानांमागं गाठ बांधा. उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा उन्हानं कोसळलं असेल तर मात्र तोंड बांधू नका, कारण कुत्र्याच्या अंगातली उष्णता धापेवाटेच बाहेर जाते. उचलताना चादर शेजारी पसरा, पाठ सरळ ठेवून त्याला हळूच चादरीवर सरकवा आणि दोघांनी चार टोकं ताणून धरा. याहून चांगलं स्ट्रेचर भर रस्त्यात मिळायचं नाही.

ऊन लागलेल्या कुत्र्याचा ताप ४१ अंशांच्या वर जातो, एरवी तो ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतो. नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, पंजांवर ओतत राहा आणि पुठ्ठ्यानं वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवला तर तोच थोड्या वेळात गरम होऊन आतली वाफ कोंडतो, त्यामुळं टॉवेल अंगाखाली घाला.

पोत्यात किंवा खोक्यात सोडलेली पिल्लं सापडली तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजलेलं पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. डोळे न उघडलेल्या पिल्लाला स्वतःहून शी-शूसुद्धा करता येत नाही, ओल्या कापसानं पोटाखाली हळुवार पुसून करवावी लागते. गायीच्या दुधानं जुलाब लागतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर पशुवैद्यांकडं मिळते.

घरातली औषधं कुणालाच देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदीच आली, कारण ते दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन देशातली गिधाडं संपत चालली होती. जखमेत किडे पडलेले बघून फिनेल, रॉकेल, पेट्रोल ओतणारी माणसं भेटतात. त्यांना हात जोडून थांबवा. किड्यांबरोबर जिवंत मांसही जळतं. जखम स्वच्छ ओल्या फडक्यानं झाकायची आणि माश्या बसू द्यायच्या नाहीत, आपलं काम एवढंच.

तुम्हाला दात लागला किंवा ओरखडा आला, लाळ जखमेवर पडली, तर तिथंच नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सिव्हिलला जा. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. पहिला दिवस शून्य धरून तिसरा, सातवा आणि पुढचे दिवस ठरलेले असतात, एकही चुकवायचा नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही.

पोलिसांत तक्रार

जनावर उपासमारीनं किंवा तहानेनं तडफडेल अशा ठिकाणी कारणाशिवाय टाकून देणं हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. इतका जुना आकडा तसाच ठेवलाय याची मला चीड येते. पण मुद्दाम मारून टाकलं किंवा अपंग केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून दोरी, खुणा, कानातला बिल्ला, गाडीचा नंबर, जखमा यांचे फोटो आधीच काढून ठेवा. गुरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात, त्यांवरून मालकाची नोंद सापडते.

जनावर वाचणार नाही असं दिसलं तरी त्याला सोडवायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. दगड घालून “सुटका” करू देऊ नका.

बरोबर मूल असेल तर

“चल, तिकडं बघू नको” म्हणून हाताला ओढून नेऊ नका. मुलानं ते पाहिलेलं असतं. मग तो प्राणी रात्रभर त्याच्या डोक्यात राहतो, आणि आपल्या आईबापांनी काहीच केलं नाही हेही राहतं. त्याला लांबचं, पण खरं काम द्या. चादरीचं टोक धरायला लावा, घरून घमेलं आणायला पाठवा, गाडीची वाट बघत कोपऱ्यावर उभं करा. अक्कांनी मला कावळे हाकायला दुसरं फडकं दिलं होतं. त्या दुपारची भीती गेली नाही, पण माझ्या हातांना काम होतं आणि मी रडत नव्हते. जनावराला हात मात्र मुलांना लावू देऊ नका, आणि घरी गेल्यावर त्यांचे हातपाय साबणानं धुवा.

जनावर गेलं तर “बरं होऊन गेलं” असं सांगू नका. मेलं असं सांगा, आणि आपण सावली केली, डॉक्टर आले, हेही सांगा. महापालिकेच्या झोन ऑफिसला कळवलं की मेलेलं जनावर उचलून नेतात. तो फोन मुलासमोर करा. जनावर वाचून दवाखान्यात असेल तर दुसऱ्या दिवशी मुलाला बघायला न्या. जाताना डॉक्टरांना विचारून कडब्याच्या दोन पेंढ्या न्या, आणि पाण्याचं घमेलं भरलेलं आहे का ते त्यालाच बघायला सांगा.