शून्याच्या जवळ जाणारा कूलर जमिनीवर तपासायचा कसा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतल्या पोरांनी विचारलं की स्पेस टेलिस्कोपचा डिटेक्टर थंड ठेवणारा कूलर खाली जमिनीवर टेस्ट कसा करतात, म्हणून लिहितोय. आधी थंडी किती ते बघा. गाय भरवायला डॉक्टर गाडीवरून जो कॅन आणतात त्यातलं लिक्विड नायट्रोजन ७७ केल्विन (केल्विनचं शून्य म्हणजे उणे २७३ सेल्सियस, त्याखाली थंडी नाहीच), हेलियम ४.२ ला उकळतं, आणि २०२३ ला अंतराळात गेलेल्या एक्सरिझम या जपानी टेलिस्कोपचा एक्स-रे डिटेक्टर चालतो ०.०५ केल्विनवर.

सुरुवात साफसफाईपासून. लेथवरून उतरलेला पार्ट चकचकीत दिसतो पण आट्यांच्या भोकात कूलंट बसलेलं असतंच, ते धुवून भट्टीत तापवून सुकवा, उघडा हात लावू नका. एका बाजूनं बंद भोकात साधा स्क्रू मारला की खाली हवा अडकते आणि ती आठवडाभर हळूहळू सुटत राहते, मग लीक शोधत बसा जे नाहीच, त्यामुळे स्क्रूलाच मधून आरपार भोक पाडून घ्यायचं.

मग लीक टेस्ट: आतली हवा पंपानं काढायची, बाहेरून हेलियम मारायचा आणि तो आत शिरतोय का ते मशीनवर बघायचं. हेलियम वर चढतो म्हणून स्प्रे वरच्या जॉइंटपासून खाली करत यायचा. आणि गरम असताना पास झालं म्हणून खूश होऊ नका, २.१७ केल्विनच्या खाली हेलियम सुपरफ्लुइड, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा द्रव, होतो आणि जिथं साधा गॅस अडतो तिथनं पण निसटतो. थंड करून परत तपासायचंच.

थंड करताना ॲल्युमिनियम मीटरला ४ मिलीमीटरच्या आसपास आखडतं, स्टीलचा बोल्ट त्यापेक्षा कमी, म्हणजे गरम असताना घट्ट आवळलेलं थंडीत ढिलं. स्प्रिंग वॉशर घाला. पल्स ट्यूब कूलर (नळीतल्या गॅसचा दाब सारखा कमीजास्त करून थंड करणारा) असेल तर थंड टोक खाली ठेवा, आडवा केला की आतला गॅस फिरायला लागतो आणि रीडिंग बिघडतं, वर अंतराळात हा त्रास नाही.

सगळ्यात शेवटच्या स्टेजला चुंबक आणि मिठाची गोळी असते (आपलं जेवणातलं मीठ नव्हे, चुंबकाच्या जोरानं तापणारं आणि जोर उतरला की थंड होणारं रसायन). चुंबकाचा जोर चढवा, निघालेली उष्णता हीट स्विचमधून (उष्णतेची वाट जोडणारा-तोडणारा स्विच) हेलियमला द्या, स्विचची जोडणी सोडवा, मग चुंबकाचा जोर हळूहळू उतरवा, गोळी थंड होते. आता छोट्या हीटरनं मोजून मायक्रोवॉट द्यायचे आणि किती तास टिकतंय ते लिहायचं. थर्मामीटरची वायर पण उष्णता आणते, प्रत्येक स्टेजला बांधत न्या. व्हायब्रेशन टेस्टनंतर हे सगळं पुन्हा, दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून.

हेलियम बाहेर सोडायचा पाइप पण टेस्टमध्ये धरा. २००५ ला जपानच्या सुझाकू या एक्स-रे टेलिस्कोपमधला हेलियम यानाच्या आतच सुटला, टाकीभोवतीच्या, थंडी टिकवणाऱ्या व्हॅक्यूममध्ये शिरला आणि महिन्याभरात सगळा उडून गेला.

उघडताना मात्र दम धरा. बेळगावचा जुलै असेल तर पूर्ण गरम होऊ द्या, कोरडा नायट्रोजन भरा, मगच झाकण काढा, नाहीतर टाकीभोवतीच्या मांड्यासारख्या इन्सुलेशनच्या पदरापदरात ओल शिरते आणि पुढचे कितीतरी दिवस पंपासमोर बसून काढायचे.